चौथी निवड आणि बारा कोटी डॉलर: पेट्रियट्सने बाजारातून काय घ्यावे आणि ड्राफ्टसाठी काय राखावे?

प्रश्न: उशिराचा_प्रेक्षक (मार्च 2025)

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा 2024 चा मोसम 4 विजय आणि 13 पराभवांवर संपला. शेवटच्या सामन्यात बफेलोला 23-16 असे हरवल्यामुळे ड्राफ्टमधली, म्हणजे सर्वांत दुबळ्या संघापासून सुरू होणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिली निवड हातची गेली, ती टेनेसीकडे गेली आणि आपण चौथ्या क्रमांकावर घसरलो. आपला संघ जिंकला आणि मला वाईट वाटले, असा तो आयुष्यातला पहिलाच दिवस असावा.

त्यानंतर जेरॉड मेयो यांना एकाच मोसमानंतर काढण्यात आले, माइक व्रेबल मुख्य प्रशिक्षक झाले आणि आक्रमणाची सूत्रे पुन्हा जॉश मॅकडॅनियल्स यांच्याकडे आली. क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, प्रश्न बहुधा सुटलेला आहे. 2024 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या ड्रेक मेने 12 सामन्यांत सुरुवात केली, 2,276 यार्ड आणि 15 टचडाउन पास नोंदवले, आणि हे सर्व त्याने अशा ऑफेन्सिव्ह लाइनच्या (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीच्या) मागे उभे राहून केले की काही वेळा ती लाइन आहे की नाही याचीच शंका यावी. बचावात कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना रोखणारा) क्रिस्चन गोन्झालेझ पहिल्या प्रतीचा आहे. त्याच्या पलीकडे जवळजवळ प्रत्येक जागी भगदाड आहे: लेफ्ट टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनची डावी कड सांभाळणारा), बाहेरचा रिसीव्हर (पास झेलणारा), एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चढणारा), डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीच्या मध्यभागचा), लाइनबॅकर (त्या फळीच्या मागे उभा राहणारा).

2025 साठी लीगने वेतनमर्यादा (संघाने वर्षभरात खेळाडूंवर करायच्या खर्चाची मर्यादा) 27 कोटी 92 लाख डॉलरवर नेली आहे, आणि त्यात आपल्याकडे बारा कोटींहून अधिक जागा मोकळी आहे, जी इतर कोणत्याही संघाकडे नाही. 10 मार्चला फ्री एजंटशी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंशी, बोलणी खुली होतील, 12 मार्चपासून करार अधिकृत होतील आणि 24 एप्रिलला ग्रीन बेमध्ये ड्राफ्ट सुरू होईल. तिसऱ्या फेरीत आपल्या दोन निवडी आहेत, कारण मॅथ्यू जूडनच्या बदल्यात अटलांटाची निवड मिळाली होती.

माझा प्रश्न क्रमाचा आहे. आधी येणारा बाजार कशासाठी वापरावा आणि नंतर येणारा ड्राफ्ट कशासाठी? "गरज असेल ते विकत घ्या आणि सर्वांत चांगला खेळाडू ड्राफ्ट करा" हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे; पण गरजेची वस्तू बाजारात विकायलाच नसेल तर त्या वाक्याचे काय करायचे?

उत्तर 1: कॅपचा_हिशेबनीस

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची किल्ली आहे. कोणत्या जागा रिकाम्या आहेत, यापेक्षा कोणत्या प्रकारचे खेळाडू चार वर्षांचा पहिला करार संपवून खरोखर खुल्या बाजारात पोहोचतात, हे आधी पाहायला हवे. चांगला तरुण क्वार्टरबॅक कधीच पोहोचत नाही. चांगला तरुण लेफ्ट टॅकल क्वचित पोहोचतो, आणि पोहोचला तर त्याच्या गुडघ्याची किंवा घोट्याची गोष्ट आधी वाचावी लागते. अव्वल रिसीव्हरवर फ्रँचाइझ टॅग लागतो, म्हणजे ठरावीक पगारावर संघ त्याला आणखी एक वर्ष अडकवून ठेवतो. सिनसिनाटीने टी हिगिन्सवर तो सलग दुसऱ्या वर्षी लावला आहे आणि त्याची किंमत या खेपेस 2 कोटी 62 लाख डॉलर आहे. कॅन्सस सिटीने तर ट्रे स्मिथ या गार्डवरही (टॅकलच्या आतल्या बाजूला खेळणाऱ्यावरही) टॅग लावला. बाजारात नेहमी मिळतात ते लाइनबॅकर, दुसऱ्या क्रमांकाचे कॉर्नरबॅक, मधल्या वकुबाचे पास रशर, सेंटर आणि गार्ड, आणि ज्यांच्या संघात त्याच जागी आणखी महागडे सहकारी आहेत असे डिफेन्सिव्ह टॅकल.

शेवटच्या गटातला मिल्टन विल्यम्स मला या वर्षी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियाने नुकताच कॅन्सस सिटीचा 40-22 असा पराभव करून सुपर बोल जिंकला, त्या सामन्यात मधून घुसून त्याने दोन सॅक मिळवले, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले. तो पंचविशीतला आहे. फिलाडेल्फियाकडे जेलन कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस आहेत, म्हणून विल्यम्सला हवी ती रक्कम ते देण्याची शक्यता कमी दिसते. असा खेळाडू सुटतो तो त्याच्यात खोट आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या संघाचा हिशेब जमत नाही म्हणून, आणि खरेदी करावी ती अशांचीच.

आता पैशांविषयी थोडे, कारण बारा कोटींचा आकडा ऐकून चर्चा लगेच भरकटते. न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी नेता येते, त्यामुळे ती या मार्चमध्ये संपवली नाही तर वाया जाईल अशी समजूत चुकीची आहे; लीगने तीन वर्षांच्या टप्प्यात किमान खर्चाची जी अट घातली आहे, तिचा बोजाही एका मार्चवर येत नाही. नाशवंत गोष्ट वेगळीच आहे. ड्रेक मेचा करार चार वर्षांचा आणि एकूण सुमारे 3 कोटी 66 लाख डॉलरचा आहे, म्हणजे त्याच्या तोडीच्या अनुभवी क्वार्टरबॅकला एका वर्षात याहून अधिक द्यावे लागतात. 2011 पूर्वी असे नव्हते. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला 5 कोटी डॉलरची हमी मिळाली होती, आणि एका वर्षानंतर त्याच क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा पूर्ण करारच 2 कोटी 20 लाखांचा होता. नवशिक्यांच्या पगाराला बसलेला हा लगाम म्हणजेच आजच्या संघबांधणीचा पाया आहे, आणि मेच्या चार वर्षांतले एक आपण आधीच खर्च केले आहे.

म्हणून पैसे खर्च करावेत, पण त्यांची रचना नीट करावी. साइनिंग बोनस (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) मर्यादेच्या हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतो. समजा, चार वर्षांच्या करारात 4 कोटींचा बोनस दिला, तर दर वर्षी 1 कोटी खात्यावर पडतात; मात्र दोन वर्षांनी त्या खेळाडूला सोडले तर उरलेले 2 कोटी मैदानावर नसलेल्या माणसाच्या नावे भरावे लागतात. डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडले तेव्हा अशी 8 कोटी 50 लाखांची मृत रक्कम दोन वर्षांत फेडावी लागली. मर्यादेत ज्यांना जागाच नाही, त्या संघांना बोनस पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्याला तशी सक्ती नाही. त्यामुळे पहिल्याच वर्षी जड हप्ता घ्यावा, बोनस लहान ठेवावा आणि तिसऱ्या वर्षी दार मोकळे राहील असे पाहावे.

एक आक्षेप येईलच, म्हणून आधी सांगतो. दुसऱ्यांचे फ्री एजंट घेतल्याने भरपाईच्या निवडी (गमावलेल्या खेळाडूंबद्दल लीग देते त्या ड्राफ्टमधल्या जादा निवडी) बुडतात हे खरे आहे, पण ज्याचे स्वतःचे महागडे खेळाडू बाहेर जातात त्या संघाला ते लागू होते. आपल्याकडून कोणी मोठ्या रकमेवर जाणारच नसेल, तर बुडायला भरपाई आहे कुठे?

उत्तर 2: तिसरा_डाउन

हिशेबनीसांचे तत्त्व मला मान्य आहे. पण ते लावताना त्यांनी स्वतःच रिसीव्हरही "न मिळणाऱ्या" यादीत घातला आहे, आणि तिथेच खरा वाद सुरू होतो. टॅकल आणि रिसीव्हर दोन्ही बाजारात नसतील, तर चौथ्या निवडीवर कोणाचा हक्क?

हा पेच सिनसिनाटीला 2021 मध्ये पडला होता. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा आदल्या नोव्हेंबरमध्ये मोडला होता, त्याला वाचवायला टॅकल हवा असे सारे जग सांगत होते, आणि पाचव्या क्रमांकावर पेनेई सूअल उपलब्ध होता. त्यांनी त्याऐवजी बरोचा महाविद्यालयीन सहकारी जामार चेस घेतला. चेसने पहिल्याच मोसमात 1,455 यार्ड मिळवले आणि संघ सुपर बोलपर्यंत गेला. मात्र त्याच मोसमात बरो नियमित सामन्यांत 51 वेळा सॅक झाला, टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीत नऊ वेळा आणि अंतिम सामन्यात सात वेळा. तिथे चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, एक यार्ड हवा असताना रॅम्सच्या आरोन डोनाल्डने त्याला पकडून फिरवले, चेंडू जमिनीवर पडला आणि 23-20 असा पराभव झाला. तिकडे सूअल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला आणि लीगमधल्या सर्वोत्तम टॅकलांपैकी एक झाला.

या गोष्टीचा वापर दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने करतात, कारण सिनसिनाटीचा निर्णय चूकही नव्हता आणि निर्दोषही नव्हता. मला त्यात दिसते ते वेगळेच आहे: दोन्ही खेळाडू पहिल्या पाचांत घेण्याच्या योग्यतेचे होते, म्हणून निवड करण्याची चैन त्या संघाला मिळाली. या वर्षी तशी स्थिती आहे का? अॅरिझोना विद्यापीठाचा टेटैरोआ मॅकमिलन उंच आहे, त्याचे हात विश्वासार्ह आहेत, पण तो चेस नाही. कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळतो, महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराचा विजेता आहे, आणि तो चौथ्यापर्यंत उरला तर मी पुढे काही वाचणार नाही. पेन स्टेटचा अब्दुल कार्टर उरला तर त्याच्याबाबतही माझे मत तेच, कारण सॅकच्या यादीत आपण 2024 मध्ये तळाशी होतो.

रिसीव्हरच्या बाबतीत आपल्या संघाचा ड्राफ्टचा इतिहास असा आहे की मला त्यांच्या हातात चौथी निवड आणि रिसीव्हरची यादी एकत्र द्यायला भीती वाटते. 2019 मध्ये पहिल्या फेरीच्या अखेरीस एनकील हॅरी घेतला. त्यानंतर डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन आणि डीके मेटकाफ गेले. गेल्या वर्षी 34 व्या क्रमांकावरून तीन पावले मागे सरकून 37 व्याला जालिन पोक घेतला, ज्याने मोसमभरात 12 झेल आणि 87 यार्ड नोंदवले. ज्या संघाला आपण ती 34 वी निवड दिली, त्या चार्जर्सनी तिच्यावर लॅड मकॉन्की घेतला आणि त्याने 1,149 यार्ड केले. जखमेवर मीठ चोळायचा हेतू नाही, पण हा ताजा घाव आहे.

उत्तर 3: एकशे_नव्व्याण्णव

या चर्चेत 2021 चा मार्च अजून कोणी आठवला नाही याचे नवल वाटते. तेव्हाही आपल्याकडे मर्यादेत भरपूर जागा होती. जूडन, हंटर हेन्री, जॉनू स्मिथ, नेल्सन आगहॉलर यांच्यावर पहिल्या दोन दिवसांत पाण्यासारखा पैसा ओतला आणि पंधराव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मॅक जोन्स निवडला. नोंद 10-7 झाली, बाद फेरीत बफेलोने 47-17 असे धुऊन काढले. जूडन आणि हेन्री यांनी पैसे वसूल करून दिले. जॉनू स्मिथचा चार वर्षांचा, 5 कोटींचा करार दोन मोसमांत अटलांटाच्या गळ्यात घालावा लागला. खरेदीमुळे संघ सुमार पातळीवरून मध्यम पातळीवर आला आणि तिथेच थांबला, कारण त्या वर्षांतल्या ड्राफ्टमधून तिला जोड मिळाली नाही.

याउलट 2001 पाहा. 2000 चा मोसम 5-11 असा गेला होता. त्या उन्हाळ्यापूर्वी तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी बाजारातून एकही तारा आणला नाही. अँटोवेन स्मिथ, डेव्हिड पॅटन, माइक कॉम्प्टन, रोमन फायफर अशी नावे आली, आणि पिट्सबर्गमध्ये चार मोसम बहुतांशी बदली लाइनबॅकर म्हणून काढलेला एक खेळाडू आला, ज्याचे नाव माइक व्रेबल. ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर डिफेन्सिव्ह लाइनमन रिचर्ड सीमोर आणि दुसऱ्या फेरीत, 48 व्या क्रमांकावर, लेफ्ट टॅकल मॅट लाइट मिळाला. स्मिथने 1,157 यार्ड धावून काढले, लाइटने पुढची अनेक वर्षे डावी बाजू सांभाळली, आणि ज्याच्या नावाचा आकडा मी इथे लावून बसलो आहे तो सहाव्या फेरीतला, 199 व्या क्रमांकाचा मुलगा, टॉम ब्रेडी, संधी मिळताच काय झाला ते सर्वांना माहीत आहे. सुपर बोलमध्ये रॅम्सना 20-17 असे हरवून तो मोसम संपला.

आजचा मुख्य प्रशिक्षक त्या खरेदीतलाच एक नग होता, म्हणून मला वाटते की मधल्या फळीच्या खेळाडूंची किंमत त्याला इतरांपेक्षा चांगली कळत असावी. ताजे उदाहरणही आहे. वॉशिंग्टनची 2023 ची नोंद आपल्यासारखीच 4-13 होती. त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स घेतला, त्याच्याभोवती बॉबी वॅग्नर, झॅक अर्ट्झ, फ्रँकी लुवू, टायलर बियाडाश असे अनुभवी खेळाडू आणले आणि एका वर्षात 12-5 करून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचले. फिलाडेल्फियाने झॅक बॉनला एका वर्षासाठी 35 लाखांत घेतले, तो ऑल-प्रो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, गेला. अशा खरेदीला मथळे मिळत नाहीत, हे मात्र मान्य करायला हवे.

म्हणून हिशेबनीसांशी माझा एवढाच मतभेद आहे: विल्यम्सवर बाजाराचा उच्चांक मोडण्याऐवजी त्याच रकमेत मधल्या दर्जाचे तिघे घ्यावेत.

उत्तर 4: कॅपचा_हिशेबनीस

2001 चे उदाहरण सुंदर आहे. तरी तेव्हाचा सीमोर सहाव्या निवडीतून आला होता, म्हणजे लाइनच्या मध्यभागी अव्वल माणूस त्या संघाकडेही होताच. तो ड्राफ्टमधून मिळाल्यामुळे स्वस्त पडला, एवढाच फरक. या वर्षी चौथी निवड टॅकलवर खर्चायची असेल, तर सीमोरची जागा बाजारातूनच भरावी लागेल. तिघे मध्यम खेळाडू तीन भगदाडे बुजवतात हे खरे, पण समोरच्या गार्डला दोन माणसांची मदत घ्यायला लावणारा एकच लागतो. बाकीच्या जागांसाठी तुमचा मार्ग मला पूर्ण मान्य आहे.

उत्तर 5: डावी_कड

टॅकलचा विषय निघालाच आहे तर त्यातला सर्वांत गाजणारा मुद्दा, म्हणजे हातांची लांबी, तपासून पाहू. लुइझियाना स्टेटचा विल कॅम्पबेल तीन मोसम सलग लेफ्ट टॅकल खेळला आहे आणि त्याच्या पायांच्या हालचालीबद्दल दुमत नाही. इंडियानापोलिसमधल्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत त्याचे हात 32 इंच आणि पाच अष्टमांश भरले. पास रशर छातीपर्यंत पोहोचण्याआधी त्याला अडवायचे असते, म्हणून संघ साधारणपणे 33 इंच किंवा अधिक मागतात. चार्जर्सचा रशॉन स्लेटर बरोबर 33 इंचांवर पहिल्याच वर्षी ऑल-प्रो यादीत गेला, त्यामुळे हा नियम दगडावर कोरलेला नाही.

पण एक गोष्ट विसरू नये. 2023 मध्ये अकराव्या क्रमांकावर टेनेसीने पीटर स्कोरॉन्स्की घेतला. महाविद्यालयात तो लेफ्ट टॅकल होता, हात सव्वाबत्तीस इंच होते, आणि टेनेसीने त्याला लेफ्ट गार्डला हलवले. तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक व्रेबलच होते. म्हणजे आखूड हातांच्या टॅकलकडे हा माणूस कसा पाहतो याचा एक पुरावा आपल्यासमोर आहे. चौथ्या क्रमांकावर गार्ड घेणे मला परवडणारे वाटत नाही. कॅम्पबेलला घ्यायचे असेल तर पहिल्या दिवसापासून डाव्या कडेला उभे करण्याच्या खात्रीनेच घ्यावे.

दुसरा पर्याय मिझुरीचा आर्मांड मेम्बू. त्याच्या वजनाच्या माणसाने 40 यार्ड 4.91 सेकंदांत धावणे दुर्मिळ आहे, हातही पुरेसे लांब आहेत. पण तो उजव्या बाजूला खेळला आहे, आणि बाजू बदलणे म्हणजे डावखुऱ्याने उजव्या हाताने सही करण्यासारखे असते. जमते, पण वेळ लागतो. ड्रेक मेकडे तेवढा वेळ असेल का, ही शंका राहतेच.

मागे सरकण्याचाही विचार व्हावा. 2023 मध्ये अॅरिझोनाने तिसरी निवड ह्यूस्टनला देऊन पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीसह बरेच काही मिळवले, बाराव्यावर गेल्यावर पुन्हा सहाव्यापर्यंत चढून टॅकल पॅरिस जॉन्सनच घेतला. मात्र असा व्यवहार करायला समोर कोणीतरी आतुर हवा, आणि क्वार्टरबॅकची रांग लहान असलेल्या वर्षी ते कठीण असते.

प्रश्नकर्ता: उशिराचा_प्रेक्षक

सर्वांचे आभार. माझा कल आता असा होत आहे: विल्यम्ससाठी पूर्ण जोर लावावा, गोन्झालेझच्या समोरच्या बाजूला डेट्रॉइटचा कार्लटन डेव्हिस किंवा त्या तोडीचा कॉर्नरबॅक आणावा, एक लाइनबॅकर आणि एक अनुभवी राइट टॅकल घ्यावा. लेफ्ट टॅकलसाठी बाल्टिमोरच्या रॉनी स्टॅन्लीकडे विचारणा करावी. तो या महिन्यात 31 वर्षांचा होतो आहे आणि घोट्याचा इतिहास आहे, तरीही दोन वर्षे निभावून नेईल असे वाटते. तो मिळाला तर चौथी निवड खऱ्या अर्थाने मोकळी होते. पण बाल्टिमोरने 10 तारखेआधीच त्याला पुन्हा करारबद्ध केले तर?

उत्तर 6: तिसरा_डाउन

तर भरवशाचा लेफ्ट टॅकल बाजारात उरणार नाही, आणि आपला निर्णय आपल्या आधीचे तीन संघच घेतील. टेनेसी, क्लीव्हलंड आणि न्यू यॉर्क जायंट्स या तिघांनाही क्वार्टरबॅक हवा आहे. त्यांच्यापैकी दोघांनी कॅम वॉर्ड आणि शडूर सँडर्स यांना घेतले, तर कार्टर किंवा हंटर यांच्यातला एक चौथ्यापर्यंत येईल. मग तो घ्यावा आणि टॅकल 38 व्या निवडीवर शोधावा, मॅट लाइट 48 व्याला मिळाला होता हे लक्षात ठेवून. तिघांत एकच क्वार्टरबॅक गेला तर कार्टर आणि हंटर दोघेही हातचे जातील, आणि तेव्हा मी कॅम्पबेलचे नाव चिठ्ठीवर लिहीन, हात मोजायची पट्टी खिशात ठेवून.

उत्तर 7: डावी_कड

लेफ्ट टॅकल म्हणून लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. गार्ड म्हणून असेल तर मात्र त्याआधी मागे सरकण्यासाठी एखादा फोन करून पाहा.